राणीखेतपासून अंटार्क्टिकापर्यंत : पक्षिरोग, शास्त्रज्ञ आणि शासन

१. विषयप्रवेश

इ. स. १९६४ मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या अंटार्क्टिक कराराच्या तिसऱ्या सल्लागार बैठकीने त्या खंडावरील प्राणी व वनस्पती यांच्या रक्षणासाठी काही संमत उपाय स्वीकारले. सील आणि पेंग्विन यांच्या रक्षणासाठी सिद्ध झालेल्या या दस्तऐवजाच्या एका परिशिष्टात कोंबडीचा उल्लेख आला आहे. १ जुलै १९६६ नंतर करारक्षेत्रात जिवंत कोंबडी आणता येणार नाही, असा तो नियम होय. ज्या खंडावर कायमची मनुष्यवस्ती नाही, त्याच्या कायद्यात कोंबडीला स्थान मिळावे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु त्यामागील विचार साधा होता. माणूस जेथे जातो तेथे आपले पाळीव पशुपक्षी नेतो, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे रोगही नेतो.

या नियमानंतर चाळीस वर्षांनी, १८ फेब्रुवारी २००६ रोजी, तेव्हाच्या व आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव अधिकृतपणे जाहीर झाला. त्यानंतर अठरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्याच मूळ वंशातील विषाणू अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर मृत स्कुआ पक्ष्यांमध्ये सापडला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध आहे असे मानण्याचे कारण नाही. दोन्ही ठिकाणचे विषाणू एकाच वंशाच्या भिन्न शाखांतील आहेत. तथापि एकच प्रश्न दोन्ही ठिकाणी उभा राहिला. पक्ष्यांच्या रोगाविषयी शास्त्रज्ञाला जे कळते, ते निर्णय घेणाऱ्यापर्यंत केव्हा पोहोचते, कोणत्या शब्दांत पोहोचते, आणि पोहोचल्यावर त्याचे काय होते? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक क्रमाने विचार केला आहे.

२. मानमोडी आणि राणीखेत

रोगाचे नाव हे शास्त्र आणि शासन यांच्या भेटीचे पहिले स्थान असते. म्हणून विचाराची सुरुवात नावापासून करणे सोयीचे होईल. १९१८ साली इन्फ्ल्यूएंझाची जगद्व्यापी साथ मुंबई बंदरात उतरली आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. मराठी मुलखात या साथीला ‘मानमोडी’ हे नाव मिळाले. पुढे कोंबड्यांच्या एका रोगालाही हेच नाव पडले; कारण त्यात पक्ष्याची मान पिळवटल्यासारखी वाकडी होते. इंग्लंडातील न्यूकॅसल येथे १९२६-२७ च्या सुमारास ओळखला गेलेला हा रोग त्याच काळात कुमाऊंतील राणीखेत येथे आढळला, आणि भारतीय पशुवैद्यकात तो ‘राणीखेत’ म्हणून रूढ झाला. त्याच कुमाऊंतील मुक्तेश्वरच्या संस्थेत त्यावरील लस सिद्ध झाली आणि देशभर वापरली जाऊ लागली.

‘मानमोडी’ हे नाव अनुभवातून आलेले आहे. रोग्याची अवस्था ते अचूक सांगते; रोगाच्या कारणाविषयी मात्र मौन पाळते. म्हणूनच माणसांचा इन्फ्ल्यूएंझा आणि कोंबड्यांचा राणीखेत हे दोन भिन्न विषाणूंचे रोग एका शब्दाखाली सुखाने नांदले. ‘राणीखेत’ हे स्थलवाचक नाव. तेही कारण सांगत नाही. पण त्याच्यामागे निदानाची पद्धत, लस आणि सरकारी पशुवैद्यकाची परिपत्रके उभी आहेत. कुक्कुटपालकाच्या दृष्टीने राणीखेत हा ओळखीचा शत्रू होय. त्याचे नाव घेतले की काय करावयाचे हे ठरलेले असते. लस टोचावयाची, मेलेले पक्षी पुरावयाचे आणि शेड स्वच्छ करून नवी पिल्ले आणावयाची.

१९१८ च्या विषाणूचे खरे स्वरूप कळले ते पुष्कळ नंतर, आणि तेही ध्रुवप्रदेशाच्या साहाय्याने. अलास्कातील ब्रेव्हिग मिशन या वस्तीतील ८० पैकी ७२ माणसे त्या साथीत मरण पावली होती व गोठलेल्या भूमीत पुरली गेली होती. जोहान हल्टिन याने १९५१ मध्ये व पुन्हा १९९७ मध्ये तेथील प्रेतांतून फुप्फुसाचे नमुने घेतले. दुसऱ्या खेपेच्या नमुन्यांच्या साहाय्याने त्या विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना २००५ पर्यंत उलगडली, आणि पक्ष्यांतील इन्फ्ल्यूएंझाशी त्याचे निकटचे नाते दिसून आले. १९१८ च्या मानमोडीचा धागा अशा रीतीने पक्ष्यांपर्यंत जाऊन पोहोचला. हे ज्ञान प्रसिद्ध झाल्याला वर्षही उलटले नव्हते, तोच नवापूरच्या शेडमध्ये कोंबड्या मरू लागल्या.

३. नवापूर, १९९६ ते २००६

ज्या विषाणूने नवापूर गाठले, त्याचा वंश १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडुंग प्रांतातील हंसांत प्रथम ओळखला गेला. १९९७ मध्ये हाँगकाँग येथे १८ माणसांना त्याची बाधा झाली व त्यांपैकी ६ मरण पावली. मे २००५ मध्ये चीनमधील छिंगहाय सरोवरावर हजारो रानपक्षी मेले. तोपर्यंत पाळीव पक्ष्यांचा मानला गेलेला हा रोग रानपक्ष्यांबरोबर दूरवर जाऊ शकतो, याचा हा स्पष्ट इशारा होता. पुढील काही महिन्यांतच तो युरोप व आफ्रिकेत दिसू लागला. नवापुरात सापडलेला विषाणूही छिंगहायच्या शाखेतीलच निघाला.

नवापूरचे स्थान येथे ध्यानात घेतले पाहिजे. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील हे गाव महाराष्ट्राच्या अगदी सीमेवर वसले आहे. त्याच्या रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात व काही गुजरातेत आहे. तालुक्यात मावची, गावित या भिल्ली समूहातील बोली बोलल्या जातात. बाजारात मराठी, गुजराती व हिंदी चालतात. सीमेलगतच्या या स्थानामुळे अंड्यांच्या व्यापाराला दोन्ही राज्यांच्या बाजारपेठा खुल्या होत्या, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस येथे कुक्कुटपालनाची मोठी केंद्रे उभी राहिली होती.

२००६ च्या आरंभी येथील शेडमध्ये मरतुक वाढली, तेव्हा कारण राणीखेत असावे असा समज प्रथम झाला. हा समज अज्ञानमूलक होता असे म्हणता येणार नाही. दोन्ही रोगांत पक्षी अकस्मात मरतात, श्वसनाचा त्रास होतो, अंडी एकदम घटतात. प्रयोगशाळेवाचून केवळ लक्षणांवरून त्यांत भेद करणे अनुभवी पशुवैद्यालाही कठीण आहे. परंतु ओळखीच्या नावाने ओळखीची कृती सुचविली, आणि अनोळखी रोगाला तेवढा अवधी मिळाला. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत तपासले गेले आणि एच-५ एन-१ चे निदान झाले. त्यानंतरही हा रोग राणीखेतच आहे, असे काहीजण प्रतिपादीत राहिले. वाद वरवर नावाचा होता. त्यामागे उपजीविकेचा प्रश्न होता. राणीखेत म्हटले असता काही पक्षी जात. बर्ड फ्लू म्हटले असता सर्वच जाणार होते.

निदान होताच शासनयंत्रणा ज्या वेगाने हलली, तो वेग येथे नोंदविण्याजोगा आहे. रोगस्थानाभोवती ३ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळातील पक्षी मारावयाचे आणि त्यापलीकडे १० किलोमीटरपर्यंत टेहळणी ठेवावयाची, असे ठरले. पशुसंवर्धन खात्याची पथके संरक्षक पोशाख घालून गावोगाव फिरली. मोठ्या शेडमधील पक्ष्यांबरोबर आदिवासी पाड्यांवरील अंगणातील कोंबड्याही या आज्ञेखाली आल्या. ज्या घरात पाचदहा कोंबड्या हीच अडीअडचणीची शिल्लक असते, त्या घरी वर्तुळाचा अर्थ भरपाईच्या रकमेने पुरता भरून येण्यासारखा नव्हता. माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे गेले. त्या साथीत मनुष्यास बाधा झाल्याचे आढळले नाही. पण अंडी व कोंबडी यांची मागणी देशभर कोसळली, आणि तिचा फटका नवापूरपासून शेकडो कोस दूरच्या कुक्कुटपालकांनाही बसला.

नकाशावर काढलेल्या वर्तुळाला राज्याची सीमा दिसत नाही. लगतच्या उच्छल तालुक्यात, जो त्या वेळी सुरत जिल्ह्यात होता, रोग आढळला आणि गुजरात शासनालाही तीच मोहीम हाती घ्यावी लागली. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही प्रादुर्भाव झाला. एका रोगाविरुद्ध दोन राज्यांची खाती, केंद्राची पशुवैद्यक व आरोग्य ही दोन भिन्न मंत्रालये, भोपाळ व पुणे येथील दोन प्रयोगशाळा अशा सर्वांना एकत्र यावे लागले. ते एकत्र आले, ही गोष्ट खरी. परंतु ते एकत्र आले ते निदानानंतर.

४. संशोधन हीच मताधिकाराची अट

याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहण्यासाठी अंटार्क्टिकाकडे वळावे लागते. कारण तेथे शास्त्रज्ञ व राज्यकर्ते यांना एकत्र आणण्याची व्यवस्था संकट येण्यापूर्वीच, किंबहुना राज्यव्यवस्थेचा पाया म्हणून घालण्यात आली.

अंटार्क्टिक करारावर १ डिसेंबर १९५९ रोजी बारा राष्ट्रांनी स्वाक्षऱ्या केल्या व २३ जून १९६१ पासून तो अमलात आला. भारताने त्यापूर्वीच, १९५६ मध्ये व पुन्हा १९५८ मध्ये, अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे मांडण्याचा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा तो मागे घ्यावा लागला. कराराच्या चौथ्या कलमाने भूमीवरील हक्काचे दावे आहेत त्या स्थितीत गोठविले, आणि नवव्या कलमाने नव्या सदस्याला मताचा अधिकार देण्यासाठी एक अपूर्व अट घातली. त्या राष्ट्राने अंटार्क्टिकावर भरीव वैज्ञानिक संशोधन करून आपली आस्था सिद्ध केली पाहिजे. भूमी, सैन्य वा संपत्ती यांपैकी कशानेही हा अधिकार मिळत नाही.

भारताने ही अट गोव्याहून पुरी केली. ६ डिसेंबर १९८१ रोजी मार्मागोवा बंदरातून डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोहीम निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. कासिम हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे माजी संचालक आणि १९८१ मध्ये स्थापन झालेल्या महासागर विकास विभागाचे सचिव होते. शास्त्रज्ञ आणि शासनाचा सचिव या दोन्ही भूमिका येथे एकाच व्यक्तीत एकवटल्या होत्या. १९ ऑगस्ट १९८३ रोजी भारत करारात सामील झाला आणि १२ सप्टेंबर १९८३ रोजी त्याला सल्लागार सदस्याचा दर्जा मिळाला. पुढे दक्षिण गंगोत्री, मैत्री व २०१२ मध्ये भारती ही स्थानके उभी राहिली. १९९८ मध्ये वास्को येथे ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, आणि २०२२ मध्ये संसदेने भारतीय अंटार्क्टिक कायदा संमत केला. या कायद्याने परवाने देण्यासाठी जी समिती निर्माण केली, तिच्यात निरनिराळ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांबरोबर तज्ज्ञांनाही स्थान आहे.

कराराच्या व्यवस्थेत शास्त्राचे स्वतंत्र पीठही आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेली अंटार्क्टिक संशोधनविषयक वैज्ञानिक समिती, जी ‘स्कार’ या संक्षेपाने ओळखली जाते, सल्लागार बैठकांपुढे आपले अहवाल ठेवते. १९९१ च्या माद्रिद मसुद्याने तिच्या जोडीला पर्यावरण संरक्षण समिती आणली. हा मसुदा १४ जानेवारी १९९८ रोजी अमलात आला.

५. मसुद्याची भाषा

या व्यवस्थेचे सामर्थ्य तिच्या भाषेत पाहावयास मिळते. कोणत्याही नियोजित कामाचा परिणाम ‘किरकोळ वा तात्पुरत्या परिणामाहून कमी’ आहे, तेवढाच आहे, की ‘त्याहून अधिक’ आहे, असे माद्रिद मसुदा विचारतो. या तीन पायऱ्यांपैकी जी पायरी ठरेल, तिच्यावर पुढील कार्यपद्धती अवलंबून असते. पहिल्या पायरीवर काम सुरू करता येते. दुसरीवर प्राथमिक मूल्यमापन लिहावे लागते. तिसरीवर सर्वंकष मूल्यमापन तयार करून त्याचा कच्चा खर्डा सर्व राष्ट्रांपुढे ठेवावा लागतो. भारती स्थानकाच्या उभारणीपूर्वी भारतालाही या तिसऱ्या मार्गाने जावे लागले. ‘किरकोळ’ म्हणजे किती, याची व्याख्या मसुद्यात नाही. परंतु शब्द आणि कृती यांची गाठ आधीच मारलेली असल्यामुळे शास्त्रज्ञाने शब्द निवडताच अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरते. अशा शब्दास ‘कृतिबद्ध संज्ञा’ म्हणता येईल. १९९५ पासून सल्लागार बैठकीच्या ठरावांचेही असेच तीन वर्ग करण्यात आले आहेत. ‘उपाय’ मान्यतेनंतर बंधनकारक होतो, ‘निर्णय’ संघटनेच्या अंतर्गत कारभाराविषयी असतो, आणि ‘ठराव’ हे केवळ आवाहन असते.

माद्रिद मसुद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात १९६४ मधील कोंबडी पुन्हा भेटते. जिवंत पक्षी आणण्यास तेथे बंदी आहेच. शिवाय कापून स्वच्छ केलेली कोंबडी पाठविण्यापूर्वी तिची रोगांसाठी तपासणी करावी, असे १९९१ च्या मूळ पाठात म्हटले असून उदाहरणादाखल दिलेल्या रोगांत पहिले नाव न्यूकॅसलचे, म्हणजेच राणीखेतचे आहे. नवापूरच्या कुक्कुटपालकाच्या तोंडी जो शब्द प्रथम आला, तोच आंतरराष्ट्रीय दस्तऐवजातही प्रथम आला. ज्ञात रोगाच्या नावाने अज्ञात रोगाची कल्पना करणे ही सार्वत्रिक मानवी रीत आहे.

ही खबरदारी निरर्थक नव्हती. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी मॉसन स्थानकाच्या परिसरातील पेंग्विनांत कोंबड्यांच्या एका विषाणुरोगाची प्रतिपिंडे आढळल्याचे प्रसिद्ध केले. हा रोग म्हणजे आपल्याकडील कुक्कुटपालक ज्याला ‘गंबोरो’ म्हणतात, तो होय. रोगाचा विषाणू तेथे कसा पोहोचला याविषयी मतभेद शक्य आहेत. परंतु माणसाच्या अन्नातून पक्ष्यांचा रोग जाऊ शकतो, ही १९६४ ची शंका अवास्तव नव्हती, एवढे यावरून दिसते.

६. संकट येण्यापूर्वीचे ज्ञान

२०२१ च्या अखेरीस एच-५ एन-१ ची एक नवी शाखा अटलांटिक ओलांडून उत्तर अमेरिकेत पोहोचली आणि पुढील वर्षी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याने खाली सरकली. स्कारच्या वन्यजीव-आरोग्यविषयक गटाने २०२२ मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये जोखमीचे मूल्यमापन करून हा रोग दक्षिण महासागरात येण्याचा संभव सांगितला. कोणत्या जातींना धोका अधिक, स्थानकांवरील लोकांनी काय पाहावे व काय टाळावे, हेही सांगितले. विषाणू पोहोचण्यापूर्वी इशारा पोहोचला होता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जियाजवळील बर्ड आयलंडवर स्कुआ पक्ष्यांत रोग सापडला. त्याच महिन्यात अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर हत्ती-सीलची हजारो पिल्ले मेली. उत्तर ध्रुवाकडे, अलास्कात, मृत सापडलेल्या एका ध्रुवीय अस्वलात डिसेंबर २०२३ मध्ये त्याचे निदान झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावरील स्कुआंत तो असल्याचे सिद्ध झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हिंद महासागराच्या दक्षिणेकडील क्रोझे व कर्गुलेन या बेटांवरही तो आढळला.

२० ते ३० मे २०२४ या काळात कोची येथे सेहेचाळिसावी सल्लागार बैठक भरली. भारताने यापूर्वी २००७ मध्ये नवी दिल्ली येथे असे यजमानपद भूषविले होते. कोचीच्या पर्यावरण समितीपुढे पक्षिरोगाचा विषय आला. परंतु तेथे नवापूरसारखे वर्तुळ काढणे शक्य नव्हते. पेंग्विनांची वसाहत मारून विषाणू थांबविता येत नाही, आणि तसे करणे हे संरक्षणाच्या मूळ हेतूविरुद्धच ठरले असते. उरते ते एवढेच: पाहणी करावयाची, नमुने पाठवावयाचे, रोगट स्थळी माणसांना जाऊ द्यावयाचे नाही, प्राण्यांपासून अंतर राखावयाचे, बूट व साधने निर्जंतुक करावयाची, पर्यटकांना वसाहतीजवळ जमिनीवर बसण्यास मनाई करावयाची. सर्व निर्णय एकमताने व्हावयाचे आणि त्यांची अंमलबजावणी प्रत्येक राष्ट्राने आपापल्या कायद्याने करावयाची. शिवाय परिशिष्टातील पहारा माणसाच्या शिधापेटीवर होता. विषाणू आला तो पंखांवरून.

७. उपसंहार

दोन्ही इतिहास शेजारी ठेवले असता एक विरोध स्पष्ट होतो. नवापूर येथे शासनाचा अधिकार जवळजवळ पूर्ण होता. ज्ञान मात्र उशिरा आले. अंटार्क्टिकावर ज्ञान वेळेवर आले. अधिकार मात्र तोकडा पडला. म्हणून शास्त्रज्ञ व राज्यकर्ते यांना एका टेबलाभोवती बसविले की प्रश्न सुटतो, असे मानणे भाबडेपणाचे होईल. कराराने साठ वर्षांहून अधिक काळ हे टेबल मांडून ठेवले आहे, तरी स्कुआ मेलेच. पण टेबल नसते तर स्कुआ कशाने मेले हेही वेळेवर कळले नसते, आणि माणसाने आपल्या पायांनी तो रोग एका वसाहतीतून दुसरीत नेला असता.

नवापूरपुरता निष्कर्ष अधिक व्यवहार्य आहे. तेथे न्यून होते ते कृतिबद्ध संज्ञेचे. ‘मरतुक’ हा शब्द शेडमध्ये रोज बोलला जातो. परंतु किती मरतुक झाली असता तो शब्द दवाखान्यात, तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी व तेथून प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे, हे राणीखेतच्या सवयीने पुसट करून टाकले होते. प्रयोगशाळेची भाषा इंग्रजी, प्रशासनाची मराठी, व्यापाऱ्याची गुजराती आणि पाड्यावरील बाईची मावची. या चारही भाषांत एकच पायरी, एकच कृती सुचविणारा शब्द असणे हे लसीइतकेच अगत्याचे आहे. त्या बाईने आपली मेलेली कोंबडी लपवू नये असे वाटत असेल, तर त्या शब्दाबरोबर भरपाईचे आश्वासनही तिच्या भाषेत पोहोचले पाहिजे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू पुन्हा आला आणि लाखो पक्षी पुन्हा मारले गेले. त्या वेळी रोगाचे नाव नवे राहिले नव्हते. २००६ च्या स्मृतीने ते तालुक्यात सर्वांच्या ओळखीचे करून ठेवले होते. अनुभवाने दिलेले नाव आणि शास्त्राने दिलेले नाव यांच्यातील अंतर पंधरा वर्षांत इतके कमी झाले होते. ते अंतर पुढील रोगाच्या वेळी, जो कदाचित याहून निराळा असेल, आधीच कमी करून ठेवणे हे पशुवैद्याचे, अधिकाऱ्याचे आणि भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे.